खूर वाढेपर्यंत

९ जानेवारी

धाकट्या,

‘अनेक आशीर्वाद’ लिहायला हात सवयीने वळला होता. खोडलंय, दिसतच असेल. नीट दिसावं म्हणून दोनदा रेघ मारली आहे.

फोनवर तू ‘ताई, आवाज तुटतोय’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र. पत्राचा आवाज तुटत नाही.

तुझ्या दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा तू रोज फोन करत होतास. कसे आहेत दाजी, पट्टी कधी काढणार, घरी कधी सोडणार. मी दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगितलं, माझा भाऊ बघा किती काळजी करतो. एकीने तर स्वतःच्या भावाला शिव्या घातल्या तुझ्यामुळे. आता कळतंय की तुला दाजींच्या डोळ्याचं काही पडलेलं नव्हतं, कुरण कधी मोकळं सापडेल एवढंच बघायचं होतं. घरी आलो तर फाटकाला गाठ वेगळी. दाजींना एका डोळ्याने दिसत होतं, तरी त्यांनाही कळलं. ती गाठ अप्पांची आहे, आणि ती अप्पांनी आपल्या दोघांनाच शिकवली. चोरा, निदान दुसरी गाठ मारायची होतीस.

साखरेच्या डब्याखाली चिठ्ठी. ‘ताई, रागावू नकोस, झुळूकचं भलं होईल.’ चार वर्षांची घोडी, जिच्या पाठीवर अजून घोंगडी पडलेली नाही, तिला ट्रकात कोंबून शहरात नेलंस आणि वर मला रागावू नकोस. तू कोण सांगणारा?

मला माहीत आहे तू काय म्हणशील. तिच्या जन्माच्या वेळी तूच होतास. पाय अडकला होता, डॉक्टर पोचेपर्यंत तूच हात घालून तिला फिरवून बाहेर काढलंस, अप्पा नुसते कंदील धरून उभे होते. मान्य. मी कधी नाही म्हटलं नाही. पण बाहेर काढलं म्हणून ती तुझ्या एकट्याची होत नाही. तसं असतं तर सुईणीच्या घरी गावातली निम्मी पोरं असती.

कळपातल्या बाकीच्यांना काय झालंय ते ऐक. दोघं तांबडे दिवसभर कुंपणाच्या कडेने फिरतात. काळा गवतात तोंड घालतो आणि मध्येच वर करून बघतो. आणि ठुमकी, तिची म्हातारी आई, फाटकापाशी उभी राहते ती राहतेच. पाणी प्यायला ओढ्यावर जात नाही, मी बादली नेऊन ठेवते. दाजी म्हणाले, पत्र लगेच टाकू नकोस, राग जरा निवू दे. मी ऐकलं, थांबले. राग वाढला. म्हणून आता टाकते.

येत्या रविवारी झुळूक परत आण. तू ट्रकात मागे तिच्यापाशी बसून ये. ती कशी उभी राहते ते तुला कळू दे.

ताई


२७ जानेवारी

धाकट्या,

रविवार येऊन गेला. फाटकापाशी मीही ठुमकीबरोबर उभी होते, हे तुला सांगणार नव्हते, पण लिहून गेले.

तुझं पत्र आलं. चांगली दोन पानं, समास सोडून. शाळेत कधी सोडला नाहीस. ‘ताई, जग पुढे गेलंय.’ जाऊ दे की. जगाला कुणी धरून ठेवलंय? ‘झुळूक तिथे वाया जात होती.’ वाया म्हणजे काय रे? गवत खात होती, ओढ्यात उभी राहत होती, काळ्याची मान खाजवत होती. घोडीने अजून काय करायचं, दहावीची परीक्षा द्यायची?

तू लिहितोस तिला स्वतंत्र ठाण आहे, खाली रबराची चादर, वर पंखा, अंगावर पांघरूण, दिवसातून दोन वेळा दाणा. वाचताना मला वाटलं तू लॉजची जाहिरात पाठवलीस. अरे, घोडा एकटा राहणारा प्राणी नाही. चार भिंतींत त्याला पंखा नको असतो, दुसरा घोडा हवा असतो. त्याचं पोट दिवसभर थोडं थोडं खायला केलेलं आहे, दोन वेळच्या पंगतीला नाही. हे तुला मी सांगायचं? अप्पा जेवताना हेच बोलायचे आणि तू भात कालवत मान डोलवायचास. नुसतीच मान डोलवत होतास, हे आता कळलं.

तुझ्या पागेच्या मालकाने तुला शब्द दिलाय की मार्चअखेरच्या चालींच्या स्पर्धेत आपल्या वळणाची घोडी उतरवलीस आणि नंबर आणलास तर मुख्य शिक्षक करतो. तुझी त्या कामाची लायकी आहे. रागात असले तरी खोटं लिहिणार नाही. अप्पांनंतर घोड्यावर तुझ्यासारखं बसलेलं मी कुणी पाहिलं नाही. म्हणूनच जास्त तिडीक जाते. एखादा बावळट असता तर सोडून दिलं असतं.

तुझ्या बायकोला कदाचित माहीत नसेल, म्हणून हे पत्र तिलाही वाचायला दे. हा तान्हा असताना कुणाच्या मांडीवर झोपायचा नाही. आई थकली, आत्या थकली, शेजारणी थकल्या. शेवटी अप्पांनी त्याला छातीशी बांधला आणि ठुमकीच्या आईवर बसून कुरणाला एक चक्कर मारली. रवाल चालीत ती म्हातारी अशी जायची की चारही पाय एकामागून एक पडायचे, एक तरी पाय कायम जमिनीवर, आणि वर बसणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलायचं नाही. फाटकापासून ओढ्यापर्यंत जाईतो हा गाढ. त्यानंतर रोज दुपारी तेच. आमच्या घरात पाळणा विकत आणलाच नाही, तो घोडीच्या पाठीवर होता.

त्या घोडीच्या पायात कधी नाल नव्हती. तोंडात कडी नव्हती. पाच वर्षांची होईपर्यंत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं, कारण पाठीचं हाड तोवर कच्चं असतं. हे सगळं असं होतं म्हणून तू झोपलास.

झुळूक परत पाठवत नाहीस, तर निदान एवढं कर. दाणा बंद कर, वाळलं गवत पुढ्यात राहू दे. शेजारच्या ठाणाची फळी काढ म्हणजे तिला दुसऱ्याचं तोंड दिसेल. डावा कान पुसताना ती दचकते, उजव्यापासून सुरू कर. आणि तिच्या पाठीवर बसायचं नाही.

हे मी तुझ्यासाठी लिहीत नाहीये.

ताई


१६ फेब्रुवारी

आज नालबंद आला होता.

तू गेल्यापासून खूर तासायला त्यालाच बोलवावं लागतं. येतो, कुरकुरतो, तुमच्याकडे लोखंडाचा धंदा नाही म्हणतो, कानस फिरवतो, चहा पितो आणि शहरातल्या बातम्या सांगतो. आज बातमी सांगायला त्याने फार वेळ लावला. हवेवर बोलला, सुनेवर बोलला, मग कपात बघत म्हणाला, ‘ताई, तुमच्या घोडीला नाल ठोकली.’

मी विचारलं, कुणी?

‘मीच.’

कसली नाल ते विचारलं तर हाताने दाखवली. जाड, दुप्पट वजनाची, खाली अजून पट्टी जोडलेली, म्हणजे पुढचा पाय उचलताना तिला ओझं फेकल्यासारखा फेकावा लागावा. आणि खुराच्या वर, सांध्याखाली, साखळी. सैल साखळी, जी प्रत्येक पावलाला आपटते. तिथे तेल लावतात, झोंबणारं, म्हणजे साखळी लागली की पाय आणखी वर जातो. लोकांना वाटतं घोडी काय ऐटीत चालते. ‘मी नाही ठोकली तर दुसरा ठोकेल,’ असं म्हणाला. चहा अर्धाच झाला होता. मी कप काढून घेतला. त्याने हत्यारं गोळा केली आणि गेला.

मग मी गोठ्यामागे जाऊन बसले. दाजी दोनदा बघून गेले, जवळ आले नाहीत. शहाणा माणूस आहे.

धाकट्या, लाज वाटत नाही तुला? ज्या हातांनी तिला आईच्या पोटातून ओढलंस त्याच हातांनी साखळी बांधलीस? का तेवढं काम दुसऱ्याला दिलंस आणि पाठ फिरवून उभा राहिलास? मला वाटतं पाठ फिरवली असशील. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी पण तू पाठ फिरवायचास, आणि इंजेक्शन माझं असायचं.

नालबंदाने कारणही सांगितलं. झुळूक रवाल चालत नाही. रिंगणात सोडली की दुडकी पळते, वर बसलेल्याचं बुड खोगिरावर आपटतं. तू महिनाभर सगळं करून पाहिलंस आणि चाल काही येईना. मालक लोकांसमोर म्हणाला, ‘ही तुमची खानदानी घोडी? भाजीच्या गाडीला जुंपायची का?’ तुझं तोंड एवढंसं झालं आणि तू लोखंड मागवलंस.

तर मग ऐक. ती रवाल का चालत नाही ते मला माहीत आहे. नालबंद बोलत असतानाच कळलं. पण तुला सांगणार नाही. सांगितलं की तू तिला चालवशील, नंबर आणशील, मुख्य शिक्षक होशील, आणि झुळूक त्या पंख्याखालीच म्हातारी होईल. तुझी फजिती होऊ दे. चांगली चार लोकांत होऊ दे. नंबर आला नाही की मालक तिला ठेवून काय करणार, आपणच परत पाठवेल.

आजचं पत्र इथेच. ताई लिहायचीही इच्छा नाही.


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

मी काल तुझ्या त्या पागेत येऊन गेले. तुला माहीत आहेच. मालकाने सांगितलं तू बाहेरगावी गेलायस, आणि तो सांगत असताना ऑफिसच्या पडद्याखाली तुझे बूट दिसत होते. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी तुझी अब्रू ठेवली. मालक मात्र आदबशीर. खुर्ची दिली, थंड विचारलं. म्हणाला, ‘तुमच्या वडिलांचं नाव फार ऐकलंय.’ मी म्हटलं, घोडी दाखवा.

तुला रोज बघून सवय झाली असेल, म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते. झुळूक ठाणात उभी होती आणि डुलत होती. डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, मान तशीच हलतेय, नजर समोरच्या फळीवर. मी हाक मारली. आपली हाक, अप्पांची. तिने कान फिरवला नाही. मी उजव्या कानापासून हात फिरवला, तरी डुलणं थांबलं नाही. तिथला पोऱ्या म्हणाला, ‘नाचरी आहे.’ मी त्याला काही म्हटलं नाही, एकट्या कोंडलेल्या घोड्याचं हे दुखणं असतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पुढच्या दोन्ही पायांना साखळीच्या जागी केस गेलेत आणि कातडी ओली आहे. डाव्या खुराला खिळ्यापासून भेग गेली आहे, वर, थेट केसांच्या कडेपर्यंत. ती तू पाहिलीस का? पाहिली असशील तर माझ्याशी बोलू नकोस. पाहिली नसशील तर स्वतःला घोडेवाला म्हणवून घेऊ नकोस.

परत येताना बसमध्ये ठरवलं की सांगायचं. तुझी फजिती व्हावी म्हणून मी तोंड शिवून बसले, तर तोवर पाय तिचा जाणार. मला ते परवडत नाही. म्हणून सांगते, आणि हे लिहिताना दात-ओठ खातेय, याची नोंद घे.

आपल्याकडे शिंगराला कधी चाल शिकवली नाही. आठव. काय करायचो? जोडीला लावायचो. म्हातारीवर स्वार बसायचा, शिंगरू मोकळं, बाजूला, ना दोर ना काठी, आणि ओढ्याच्या त्या कडक उतारावरून खाली जायचं. दगडाळ जमीन, प्रत्येक पाऊल वाजायचं. काही दिवस शिंगरू पळायचं, अडखळायचं, मागे राहायचं, आणि मग एके दिवशी त्याचे पाय म्हातारीच्या पायांत मिसळायचे.

आता तुझी चूक सांगते. म्हातारीवर नेहमी तू बसलेला असायचास. तुला घोड्याचे कान दिसायचे आणि समोरचा रस्ता. तुला वाटायचं तू शिकवतोयस, तुझ्या बैठकीने, तुझ्या मांडीने. मी मागून चालत यायचे, हातात बादली, माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. मला शिंगराचे कान दिसायचे. त्यांचा रोख कधी तुझ्याकडे नव्हता. ते खाली वळलेले असायचे, म्हातारीच्या पायांकडे. ते ऐकत असायचं. चाल रक्तात असते हे खरं, पण पायात उतरायला दुसऱ्याचे पाय ऐकू यावे लागतात. पोराच्या तोंडात बोलणं असतंच, पण घरात कुणी बोललं तर ते बोलतं.

झुळूक ओढ्याच्या उतारावर ठुमकीबरोबर नुकती कुठे जमवायला लागली होती. तिचं पक्कं व्हायच्या आत तू उचललीस. आणि नेऊन सोडलीस कुठे, तर वाळूच्या रिंगणात, एकटी. वाळूत तिला स्वतःचेही पाय ऐकू येत नाहीत. वर ऐकू येते ती साखळी. ती चालणार काय, कपाळ तुझं.

साखळी काढ. नाल काढ. कडक जमिनीवर, चांगल्या रवाल चालीच्या मोठ्या घोड्याशेजारी मोकळी सोड. तुला हवं ते मिळेल आणि मला हवं ते मिळणार नाही. पण तिचे पाय राहतील.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हसले. आनंदाने नाही.

साखळी काढलीस. बरं केलंस, शाबासकी मागू नकोस. नाल मालक काढू देत नाही, स्पर्धा तोंडावर आली म्हणून. आणि जोडीला लावायला अख्ख्या पागेत एक घोडा सापडला नाही. सगळे लोखंडाने चालवलेले, नाल काढली तर चालायचं कसं तेच विसरलेले, प्रत्येकाचा ठेका वेगळा आणि खोटा. झुळूक त्यांच्या शेजारी गेली की कान मागे टाकते. ‘ताई, मला एकटंच वाटतं इथे,’ असं तू एका ओळीत लिहिलंस आणि मग पुढच्या ओळीत चुकून लिहिल्यासारखं झुळूकबद्दल लिहायला लागलास. मी वाचलं. दुर्लक्ष करते असं समज.

आणि मग शेवटी, खाली, बारीक अक्षरात, ‘ठुमकीला पाठवशील का? ट्रक पाठवतो.’

तुझी जीभ कशी वळली रे? आधी पोरगी नेली, आता आई मागतोस. ठुमकीने उभ्या आयुष्यात ट्रक पाहिला तो एकच, तू झुळूकला नेलंस तो. तिचे गुडघे दुखतात, दात झिजलेत, मी तिला गवत भिजवून देते. तिला फळीवरून चढवायची, दोरांनी आवळायची, आणि तुझ्या नंबरासाठी शहरात नाचवायची. नाही. कागदावर लिहून देते, नाही.

दाजींनी हे पत्र वाचलं आणि विचारलं, मग झुळूकचं काय? मी म्हटलं, मला काय विचारता? तर म्हणाले, ‘ठुमकी रोज फाटकापाशी उभी राहते ती काय माझी वाट बघते का?’ आणि चष्मा पुसत निघून गेले. नवरा बोलत नाही बोलत नाही आणि बोलतो तेव्हा असं.

ठुमकी ट्रकात चढणार नाही. पण मी तिला चालवत आणेन. डांबरी रस्त्याने नाही, कालव्याच्या कडेने, तिच्या मर्जीने, जिथे थकेल तिथे थांबत. मी बरोबर चालेन, वर बसणार नाही. माझ्या अटी लिहिते. आम्ही पोचू तेव्हा झुळूकच्या पायात लोखंड नको. नालबंदाला बोलावू नकोस. ते तू स्वतःच्या हाताने काढायचंस, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन, आणि भेग नीट बघायचीस. मालक काय म्हणतो ते तू आणि तो बघा. आणि त्या वेळी पडद्यामागे जायचं नाही.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

तू तिथे होतास, तरी सगळं लिहिते. तू उद्या लोकांना काय सांगत फिरशील याचा भरवसा नाही, आणि मलाही ते एकदा सरळ मांडायचंय.

आम्ही पोचलो तेव्हा तू अंगणात उभा होतास, गुडघ्यापर्यंत मळलेला, आणि बाजूला त्या दोन नाली पडल्या होत्या. तू माझ्या पाया पडायला वाकलास. मी पाय मागे घेतला. ते बरोबरच केलं.

मी ठुमकीवर बसले. वाटेत बसले नव्हते, तिथे बसले, कारण तिला कळायला हवं होतं की काम आहे. पागेच्या पुढच्या फरशीवरून तिला नेली. म्हातारी थकली होती, पण फरशी लागली आणि तिने पाय मोकळे केले. रवाल. टक टक टक टक, एकसारखं, मागच्यावर पुढचा, पुढच्यावर मागचा. सगळे काम सोडून बघायला लागले. मी ठाणाकडे बघत होते. झुळूकचं डुलणं थांबलं होतं. मान स्थिर, आणि दोन्ही कान खाली, जमिनीकडे.

तू तिला बाहेर आणलीस. लंगडत होती. ठुमकीच्या शेजारी आली, हुंगलं, चावायला गेली, राग होता तिला. असणारच, आईनेही फार उशीर केला होता. मग आम्ही चालायला लागलो, आणि ती बाजूने. पहिल्या चकरेला दुडकी. दुसऱ्या चकरेला धड काहीच नाही. नंतर मी मोजायचं सोडलं. आणि मग मला फक्त एक घोडी ऐकू यायला लागली. मला वाटलं ती थांबली. वळून बघितलं तर शेजारीच होती. दोघींचे पाय मिसळले होते. दुखऱ्या पायावर जरा कमी वाजत होतं, पण चाल तीच. तू फरशीच्या कडेला उभा होतास आणि तुझं तोंड उघडं होतं. तुला तिच्या तोंडावरच्या मोहरकीचा दोर सोडल्याचं कळलंही नाही, ती मोकळीच होती.

मालकाने टाळ्या वाजवल्या. म्हणाला, ‘सापडली. आता नाल परत ठोका, रविवारी उतरवू.’

मी तुझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं होतं तू ‘हो’ म्हणशील. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या, अगदी ओळीने. तू गेलास आणि मोठं फाटक उघडलंस. मालक म्हणाला, ‘घोडी गेली तर तूही परत येऊ नकोस.’ तू कडी हातात धरून उभा राहिलास आणि मला म्हणालास, ‘ताई, ने.’ बस्स. एवढंच. माझ्या सगळ्या शिव्या वाया गेल्या.

मी आभार मानले नाहीत आणि मानणार नाही. चोरीचा माल परत दिला म्हणून कुणाचे आभार मानतात का?

झुळूक ठुमकीच्या मागे दोराशिवाय आली. कालव्याच्या पुलावर काळ्याने लांबून ओळखलं आणि ओरडला, मग सगळेच. पाय ओढ्यात घालून ती उभी असते दिवसभर. उतारावर ठुमकीबरोबर जाते, चार पावलं जमतात, मग दुखतं, मग थांबते. अजून कधी कधी डुलते. संध्याकाळी, काही कारण नसताना, फाटकाकडे तोंड करून. तेव्हा मला परत तुझा इतका राग येतो की मी घरात जाते.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. तू दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतोस, जेवत नाहीस, बोलत नाहीस. आता घरातच ठाण करून घेतलंस. उठ. असं पडून कुणाचं भलं होत नाही, हे तू नुकतंच एका घोडीवर करून बघितलंस.

डॉक्टर येऊन गेले. भेगेला औषध नाही. नवा खूर वरून उतरेल, केसांच्या कडेपासून थोडा थोडा, आणि ती भेग पुढे ढकलत खाली नेईल. वर्ष जाईल. मध्ये नीट तासलं नाही तर परत वर चिरत जाईल आणि मग ती कायमची लंगडी. नालबंदाला मी फाटकात उभा करणार नाही. दाजींना वाकवत नाही. माझे हात अप्पांच्या कानशीला पुरत नाहीत, हे तुला माहीत आहे.

तेव्हा तू यायचंस. महिन्याच्या पहिल्या रविवारी, वर्षभर. कानस अप्पांच्या खुंटीवर आहे, मी तेल लावून ठेवली आहे. ओढ्यावर जायचं, तिला हाक मारायची, ती येणार नाही. थांबायचं. आली की खाली वाकायचं, पाय मांडीवर घ्यायचा. ती लाथ मारेल. खायची. मी अंगणातून बघत असेन, बोलायला येणार नाही. जेवण झाकून ठेवेन, ते जेवायचं आणि जायचं. बायकोला आणायचं असेल तर आण, तिच्याशी माझं भांडण नाही.

या वेळी आशीर्वाद खोडावा लागला नाही, कारण लिहिलाच नाही. भेग कानशीखाली येऊन शेवटची तासून पडेल, त्या दिवशी काय तो तोंडी देईन.

फाटकाची गाठ तुझीच ठेवली आहे. सोडायला तुला जमेल.

ताई